दोन तासांतलं एक वाक्य

जून २०२३ मधली गोष्ट. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या जालना रोडवरच्या हायकोर्टाच्या खंडपीठानं कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकरांच्या प्रकरणात निकाल दिला, आणि ती बातमी मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली. खाली एवढंच लिहिलं, 'बरं झालं. आता कोर्टात तरी नीट बोलणं होईल.' ना शिवी, ना टोमणा. ग्रुपवर चाळीसेक माणसं आहेत. निम्मी पैठण तालुक्यात, बाकीची शहरात, दोघं-तिघं पुण्याला. एरवी सकाळच्या फुलांच्या फोटोंखेरीज तिथं पान हलत नाही. त्या दिवशी चहा गाळून कप हातात घेईस्तोवर वीसेक उत्तरं येऊन पडली होती.

'तुम्ही समाजासाठी काय केलं ते सांगा आधी.' 'एक कीर्तन उभं राहून करून दाखवा, मग बोला.' 'महाराजांमुळं किती जणांची दारू सुटली, माहीत आहे का?' 'दुसऱ्या धर्मावर बोलायची छाती आहे का?' एका भाच्यानं नुसता महाराजांचा फोटो टाकला, शेजारी वाघाचं चित्र. वाघ का, ते मला अजून उमगलेलं नाही. सगळ्यांत शेवटी धाकट्या मावसभावाचा आवाज आला. शेतातून बोलत होता, मागं पाण्याचा आवाज. "दादा, कशाला बोलू राहिले तुम्ही? दोन तासांच्या कीर्तनात एखादं वाक्य इकडंतिकडं होतंच की. तेवढंच धरून बसायचं का?"

बाकीच्यांना मी उत्तर दिलं नाही. भावाला देणं लागतो. तो भांडत नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं. ग्रुपवर ते मावलं नसतं, म्हणून इथं.

आधी त्या वाक्याबद्दल. २०२० च्या सुरुवातीला इंदुरीकरांच्या एका कीर्तनाचा व्हिडिओ फिरला. सम तारखेला स्त्रीसंग झाला तर मुलगा होतो, विषम तारखेला झाला तर मुलगी, अशा अर्थाचं ते बोलले होते. फेब्रुवारीत नगर जिल्ह्याच्या गर्भलिंगनिदानविरोधी सल्लागार समितीनं त्यांना नोटीस काढली. महाराजांनी पत्रक काढून दिलगिरी व्यक्त केली, समर्थकांनी शांत राहावं असंही सांगितलं. जूनमध्ये संगमनेरच्या न्यायालयात तक्रार दाखल झाली, जुलैत प्रोसेस इश्यू झाली, म्हणजे समन्स काढायचा आदेश झाला. मार्च २०२१ मध्ये संगमनेरच्याच सत्र न्यायालयानं तो आदेश रद्द केला. महाराष्ट्र अंनिसच्या ॲड. रंजना गवांदे यांनी पिच्छा सोडला नाही. नगर जिल्हा आपल्या खंडपीठाच्या हद्दीत येतो, त्यामुळं प्रकरण इथं आलं. जून २०२३ मध्ये खंडपीठानं सत्र न्यायालयाचा आदेश बाजूला सारून खटला चालवायची वाट मोकळी केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला.

यातलं काहीही महाराजांना दोषी ठरवत नाही. वाद एवढाच होता, की कीर्तनातलं असं बोलणं गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कलम २२ खाली 'जाहिरात' या शब्दात बसू शकतं का. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ती व्हावी की न व्हावी हा माझा विषय नाही. मी वकील नाही आणि कुणाला तुरुंगात बघायची मला हौसही नाही. माझा विषय आमचा ग्रुप आहे.

आता भावाचं म्हणणं. दोन तास आणि एक वाक्य.

पहिली गोष्ट, दोन तासांतून ते वाक्य वेगळं काढलं कुणी? टीका करणाऱ्यांनी नव्हे. आपल्याकडच्या कुठल्याही सप्त्यात जाऊन बघावं. गेल्या खेपेला आमच्या गावच्या सप्त्यात मी मांडवाच्या डाव्या खांबापाशी बसलो होतो. टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये विणेकरी, पखवाज लावून झालेला, आणि कीर्तनकाराच्या समोर सात तिकाटणी उभी. सातही तिकाटण्यांवर मोबाईल. एका पोरानं तर माइकच्या दांड्याला रबर लावून आपला छोटा माइक बांधला होता. अभंगाचं पहिलं चरण चालू होतं तोवर ही पोरं पाठ करून चहा पीत होती. निरूपण सुरू झालं तरी ढिम्म. महाराजांचा आवाज जरा चढला, 'आजकालच्या पोरी' एवढे शब्द आले, आणि सातही जण मोबाईलपाशी हजर. मांडवाचं हसू ओसरायच्या आत त्यांच्यापैकी एकजण बाहेर जाऊन तेवढा तुकडा कापत बसला होता. मथळा लावला: पोट धरून हसाल.

हे काम भक्तांचं आहे. तेच ऐकतात, तेच कापतात, तेच चढवतात. खुद्द इंदुरीकरांना हे ठाऊक आहे. मार्च २०२२ मध्ये अकोल्याच्या कीर्तनात (हे विदर्भातलं अकोला, त्यांचं अकोले नव्हे) ते आपल्या कीर्तनांचे व्हिडिओ टाकून पैसेवाले झालेल्यांवर इतके भडकले, की त्यांची मुलं दिव्यांग जन्माला येतील असं बोलून गेले. त्यावरूनही वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. चिडायचं यूट्यूबवाल्यांवर आणि शाप द्यायचा दिव्यांग लेकरांच्या नावानं, हे कुठल्या आईला सहन होईल? पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की तीन मिनिटांचे हजार तुकडे पाडून गावभर वाटताना कुणालाच दोन तास आठवत नाहीत. त्यातल्या एका तुकड्याला कुणी हात लावला, की अख्खं कीर्तन, अख्खी परंपरा, अख्खी पंढरीची वाट त्या वाक्याच्या पाठीशी येऊन उभी राहते. कौतुकाला तुकडा चालतो, टीकेला मात्र आधी पूर्ण ऐका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भावाच्या गावानं महाराजांची तारीख मिळवण्यासाठी काय काय केलं ते मला ठाऊक आहे. तारीख मिळणं ही आपल्याकडं केवढी गोष्ट झाली आहे! डायरी भरलेली असते, कुणाची तरी ओळख काढावी लागते, गाव वर्गणी गोळा करतं. कशासाठी? त्या माणसाच्या शब्दाला वजन आहे म्हणून. घरच्या बापाचं न ऐकणारं पोरगं महाराजांचं ऐकेल, या आशेपायी. नावाआधी 'समाजप्रबोधनकार' लावतात ते उगाच नाही. बरं. मग त्या शब्दाचं वजन करायला कुणी काटा घेऊन आला, की लगेच 'एखादं वाक्य इकडंतिकडं होतंच', 'गमतीत बोलले', 'एवढं काय मनावर घ्यायचं'? शब्दाला वजन आहे की नाही, एकदा ठरवा. वजन असेल, तर वाईट वाक्याचंही आहे. नसेल, तर वर्गणी परत करा.

मला तर वाटतं, या बचावात महाराजांचा जेवढा अपमान आहे तेवढा कुठल्याही टीकेत नाही. टीका करणारा त्यांना निदान आपल्या शब्दांना जबाबदार असा जाणता माणूस समजतो. भक्त त्यांना लहान लेकरू करून टाकतो: बोलून गेलं, जाऊ द्या. आणि गंमत बघा, ते स्वतः दिलगिरी व्यक्त करून मोकळे झाले. हे म्हणतात, चूक झालीच नाही. तसं असेल तर महाराजांनी ते पत्रक उगाच काढलं म्हणायचं?

त्या वाक्यातल्या शास्त्राबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण ग्रुपवर आमच्या एका काकांनी 'ग्रंथात लिहिलंय' असं ठोकून दिलं होतं. ग्रंथात काहीतरी आहे, हे खरं. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत सम आणि विषम रात्रींचा उल्लेख आहे, मनुस्मृतीतही आहे. पण त्या रात्री पाळी आल्या दिवसापासून मोजायच्या आहेत. चरकाच्या भिंतीवर इंग्रजी महिन्यांचं कॅलेंडर टांगलेलं नव्हतं. आणि ज्यांनी ते लिहिलं, त्यांना एकेका पुरुषबीजात एक्स किंवा वाय गुणसूत्र असतं, कुठलं बीज पोचतं त्यावर मुलगा की मुलगी ते ठरतं, हे कळायला मार्ग नव्हता. आपल्याला आहे, दहावीच्या पोरालाही आहे. तरीही हिशेबच करायचा तर करू. ३६५ दिवसांच्या वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९. एकतीसच्या पाठोपाठ एक येते, दोन्ही विषम. वर्षातून सात महिने असे. तारखेवर काम चालत असतं, तर मुलीच जास्त व्हायला हव्या होत्या. आमच्या जिल्ह्याला लागूनच बीड जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या जेमतेम आठशे. ही किमया तारखेची नव्हती, सोनोग्राफीच्या यंत्राची होती. २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्यात गर्भपात करताना बाई दगावली, तेव्हा तो धंदा केवढा होता ते उभ्या महाराष्ट्राला कळलं.

अशा मुलखात उभं राहून हे वाक्य म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते गमतीत घ्यायचं. घेतात का?

आमच्या नात्यातल्या एका घरी मी दिवाळीनंतर गेलो होतो. दोन मुली, धाकटी चालायला लागलेली. स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं. पाणी पिता पिता माझं लक्ष गेलं: तारखांच्या चौकोनांत कोपऱ्यात निळ्या पेनाची बारीक टिंबं. दोन, चार, सहा, आठ. मी विचारलं, हे काय? सून ओट्याकडं वळली. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचा हिशेब आहे." त्यांच्या दावणीला तेव्हा दोन म्हशी होत्या. दूध विकत घेत नाहीत, घालतात. आणि घालतात ते रोज, दिवसाआड नव्हे.

ती टिंबं कुणाच्या सांगण्यावरून पडली, मला माहीत नाही. ही समजूत इंदुरीकरांच्या आधीपासूनची आहे, त्यांनी शोधून काढलेली नाही. आणि ती मरत नाही याचं कारण साधं आहे: ती निम्म्या वेळा खरी ठरते. नाणं उडवलं तरी ठरेल. खरी ठरली की गावभर सांगतात, खोटी ठरली की 'तारीख मोजायला चुकली' म्हणतात, आणि बोल लागतो तो ओट्याकडं वळलेल्या सुनेला. अशा समजुतीवर व्यासपीठावरून, फेटा बांधून, टाळ-मृदंगाच्या साक्षीनं शिक्कामोर्तब झालं, की ती समजूत राहत नाही, वचन होतं. भावा, धरून बसायचं ते यासाठी.

'गमतीत' या शब्दाचं आणखी एक उदाहरण देतो, फार ताणत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंदुरीकर कीर्तनात म्हणाले, की त्यांनी करोनाची लस घेतलेली नाही आणि घेणारही नाहीत. त्याच महिन्यात आपल्या जिल्ह्यात लसीकरण इतकं मागं पडलं होतं, की किमान एक डोस घेतल्याचं दाखवल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन देऊ नये असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना काढावा लागला. पंपावर आम्ही प्रमाणपत्र दाखवून गाडीत पेट्रोल भरलं. लसीकरण महाराजांमुळं मागं पडलं असं मी म्हणणार नाही. त्याची दहा कारणं होती. पण आशाताई दारोदार फिरून बायाबापड्यांची समजूत काढत होत्या आणि लोक त्यांना मोबाईल काढून कसला तुकडा दाखवत होते, हे आमच्या गावातली आशाताई अजून सांगते. तिच्याकडं तिकाटणी नव्हती.

'आधी कीर्तन करून दाखवा' या उत्तराला मी एरवी उत्तर दिलं नसतं, पण हे लिहिणारा माझा चुलतभाऊ ऊस लावतो. दरवर्षी गाळप सुरू झालं की काटामारीवरून तो घसा कोरडा करतो, आणि बरोबर करतो. त्याला कुणी म्हणालं, 'तू आधी साखर कारखाना काढून दाखव, मग काट्यावर बोल,' तर तो काय म्हणेल, ते इथं छापता येणार नाही.

दारू सुटल्याचं मात्र खरं आहे, आणि ते मी खळखळ न करता मान्य करतो. इंदुरीकरांचं कीर्तन मी मांडवात बसून ऐकलं आहे. दारू, हुंडा, कर्ज काढून केलेली लग्नं, आईबापांना न विचारणारी पोरं, यांवर ते जे बोलतात ते गावाला गावाच्या भाषेत कुणी सांगत नव्हतं. शहरातून आलेले आम्ही लोक 'प्रबोधन' हा शब्द उच्चारतो तेव्हाच निम्मा मांडव जांभया देतो. त्यांना ती अडचण नाही. पण हे काही बँकेचं खातं नव्हे, की दहा जणांची दारू सोडवून जमा झालेली पुण्याई एका वाक्यापोटी वळती करून घ्यावी. ज्याची दारू सुटली त्यानं जन्मभर उपकार मानावेत. टिंबं मोजणाऱ्या सुनेनं का मानावेत?

दुसऱ्या धर्माचा मुद्दा मी लवकर संपवतो. सप्त्याची वर्गणी मी देतो, काल्याच्या दिवशी पंगतीत वाढतो, मांडवात मी बसतो. जिथं बसतो तिथलं बोलतो. दुसऱ्याच्या मांडवात बसलेलं कुणी तिथलं बोलत असेल, तर त्याच्याही ग्रुपवर वीस उत्तरं येऊन पडत असणार, यात मला शंका नाही.

आता जरा अवघड जागी येतो. ते वाक्य ऐकून मांडव हसला होता. तो व्हिडिओ ज्यांनी बघितला, त्यांतलेही बहुतेक हसले असणार. बायकांच्या कपड्यांवर, पोरींच्या मोबाईलवर, सासू-सुनांवर त्यांची जी फटकेबाजी चालते, तिला मीही हसलो आहे. बायको पलीकडं बायकांत बसली होती आणि मी हसत होतो. घरी येताना गाडीवर ती काही बोलली नाही. मीच म्हणालो, 'बोलतो चांगलं.' ती म्हणाली, "हो. आमच्यावरच बोलतो." एवढंच.

मला तेव्हा कळलं, की टीका झाल्यावर भक्त का खवळतो. महाराजांना लागतं म्हणून नव्हे. आपण हसलो होतो म्हणून. कुणी म्हणालं, 'हे वाक्य वाईट आहे,' की त्यात न उच्चारलेला पुढचा भाग असतो: 'आणि तू त्यावर हसलास.' तो भाग झोंबतो. मग आपलं हसू वाचवण्यासाठी महाराजांना वाचवावं लागतं. वीस उत्तरांतलं एकही महाराजांसाठी नव्हतं. वीसही जण आपापली जागा राखत होते.

म्हणूनच त्या उत्तरांत वाक्याबद्दल एक शब्द नसतो. सगळं बोलणाऱ्याबद्दल असतं. आणि बोलणारी बाई असली तर मग बघायलाच नको. २०२० मध्ये सामाजिक कार्यकर्त्या तृप्ती देसाईंनी गुन्हा दाखल करण्याची मागणी केली, तेव्हा त्यांच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा भडिमार झाला. त्यांची आंदोलनाची रीत मला नेहमीच पटते असं नाही. पण त्या म्हणत होत्या ते चूक कसं, हे त्या भडिमारात कुणी सांगितलेलं मला तरी दिसलं नाही. त्यांचे कपडे, त्यांचं घर, त्यांचं चारित्र्य, याबद्दल मात्र सगळ्यांनाच सगळं माहीत होतं. मुली जन्माला याव्यात म्हणून बाई बोलली आणि वारकऱ्यांचं नाव घेऊन तिला आईबहिणीवरून शिव्या घातल्या.

वारकऱ्यांचं नाव घेतलंच आहे, तर तेरची गोष्ट काढू या. तेर आपल्या मराठवाड्यातलंच, धाराशिव जिल्ह्यातलं. महिपतीबुवा ताहराबादकरांनी ती संतचरित्रात सांगितली, आणि कीर्तनकार ती रंगवून सांगतात. इंदुरीकरांच्याही मांडवातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती पाठ असेल. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. वयानं लहान असलेली मुक्ताबाई गोरोबांना म्हणते, काका, तुमच्या थापटण्यानं जरा बघा, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्चं कोणतं. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गप्प राहतात, नामदेव चिडतात. निकाल लागतो: हे मडकं कच्चं. तेव्हाचे नामदेव म्हणजे साधे नव्हेत. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो असा ज्यांचा लौकिक. त्यांना ते लागलं. फणफणत ते पंढरपूरला गेले, देवाकडं गाऱ्हाणं केलं. देवानं काय केलं? मुक्ताबाईला बघून घेतो म्हणाला नाही. म्हणाला, ती बरोबर आहे, औंढ्याला विसोबा खेचराकडं जा. नामदेव गेले. तेर, पंढरपूर, औंढा नागनाथ. नकाशावर बघितलं तर केवढी पायपीट आहे ती, एका पोरीच्या एका वाक्यापायी.

या कथेत मला नेहमी जाणवतं ते हे, की नामदेवांचे भक्त कुठंच दिसत नाहीत. असणार तर नक्कीच. पण 'मुक्ताबाईनं स्वतः किती अभंग लिहिले ते आधी सांगावं' असं म्हणत तेरच्या कुंभारवाड्यात कुणी शिरल्याचं महिपतींनी लिहिलेलं नाही. आणि पैठणला एकनाथांच्या वाड्यावर गेलात, तर तिथला पुजारी तुम्हाला गोदावरीवरून येताना अंगावर थुंकणाऱ्या माणसाची गोष्ट सांगेल. एकशे आठ वेळा थुंकला, एकशे आठ वेळा नाथांनी स्नान केलं. खरी-खोटी देव जाणे. पण वारकऱ्यांनी शेकडो वर्षं सांगण्यासाठी निवडली ती ही गोष्ट. थुंकणाऱ्याला धरून चोपल्याची गोष्ट कुणी रचली असती, तर तीही टिकली असती की! कुणी रचली नाही.

इथवर वाचून शहरातले माझे वाचक खुशीत आले असतील: बघा, खेड्यातले लोक कसे महाराजांच्या नादी लागतात. त्यांनी जरा थांबावं. २०१९ च्या जानेवारीत पु. ल. देशपांड्यांवरचा 'भाई' चित्रपट आला, त्यात मोठ्या गायकांना मद्यपान करताना दाखवलं म्हणून खवळलेले लोक फेटेवाले नव्हते. रविवारी सकाळी शास्त्रीय गाण्याच्या मैफलीला जाणारे होते. आपल्या विद्यापीठात नेमाडे शिकवून गेले. त्यांच्या एखाद्या कादंबरीला कंटाळवाणी म्हणून बघा. 'नेमाडपंथी' हा शब्द मराठीत उगाच रुळलेला नाही. आणि क्रिकेटचं तर विचारूच नका. २०१४ मध्ये टेनिसपटू मारिया शारापोव्हानं सचिन तेंडुलकर कोण ते आपल्याला माहीत नाही असं सांगितलं. टीका नव्हे, नुसतं माहीत नाही. तरी तिच्या पानावर आपल्या लोकांनी जी झुंबड केली ती सगळ्या जगानं बघितली. सात वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, शेतकरी आंदोलनावरून सचिननं ट्वीट केलं, ते केरळमधल्या अनेकांना रुचलं नाही. आणि मग तीच माणसं शारापोव्हाच्या पानावर जाऊन तिची माफी मागू लागली! बिचारीला दोन्ही वेळा काही कळलं नसेल. झुंडीला दैवत लागतंच असं नाही, पत्ता लागतो. कुठं जाऊन पडायचं तो पत्ता.

तीच झुंड उलट्या बाजूनं आली तेव्हा काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंदुरीकरांच्या मुलीचा साखरपुडा थाटात झाला. साधी लग्नं करा म्हणून सांगणाऱ्या माणसानं एवढा थाट का केला, हा प्रश्न रास्त होता. त्यांनीच गावोगाव शिकवलेला प्रश्न होता तो. पण दोन दिवसांत प्रश्न बाजूला पडला आणि लोक मुलीच्या कपड्यांवर घसरले. महाराज इतके कष्टी झाले, की कीर्तनच थांबवावं म्हणाले. मी त्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, की त्या पोरीच्या कपड्यांशी कुणाचाही काही संबंध नाही, हे चाललंय ते वाईट आहे. त्याला चाळीस अंगठे आले. वाघ टाकणाऱ्या भाच्यानं माझ्यासाठीसुद्धा एक वाघ टाकला.

मला मौज वाटली ती याची, की मी दोन्ही वेळा एकच गोष्ट म्हणत होतो. बायकांच्या नावानं मांडव हसवायचा नसतो. मग ती लेक कुणाचीही असो. पहिल्यांदा मी गद्दार होतो, दुसऱ्यांदा 'आपला दादा'. दोन्ही वेळा मी काय म्हणतो ते कुणी वाचलं नव्हतं. कुणाच्या बाजूनं आहे, तेवढं बघितलं होतं.

मावसभाऊ त्यानंतर शहरात आला होता, कोर्टातच काम होतं, जमिनीच्या फेरफाराचं. खंडपीठासमोरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. त्यानं समोरच्या इमारतीकडं बोट करून विचारलं, "इथंच का ते?" मी म्हटलं, इथंच. तो थोडा वेळ फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या काळ्या कोटांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, आमच्या गावाला महाराजांची तारीख मिळाली पुढच्या सप्त्याला. येणार ना? का आता येणार नाही?"

"येणार की. वर्गणी पण देणार."

"मागं नका बसू मग खांबापाशी. पुढं बसा."

"कोणती तारीख आहे?"

"एकोणीस."

"विषम आहे रे," मी म्हटलं.

तो हसला. चहा सांडेस्तोवर हसला.